डुकरं कंपनीची, शेड शेतकऱ्याचं. मग मदत कुणाची? (मिनेसोटातल्या एका काउंटीतली करोनाकाळातली शेतीमदत)

पाणकणीस

नमस्कार मंडळी,

मागे इथे पीएम-किसानच्या हप्त्यावरून चर्चा चालली होती. तेव्हा एकांनी लिहिलं होतं की अमेरिकेत करोनात सरकारने शेतकऱ्यांना घरबसल्या लाखो डॉलर वाटले. त्याला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते आहे.

मी मिनेसोटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, नोबल्स काउंटीत राहते. काउंटी म्हणायला आपल्या जिल्ह्यासारखी, पण लोकसंख्या जेमतेम बावीस हजार. त्यातले निम्म्याहून जास्त लोक वर्दिंग्टन या एकाच गावात. बाकी सगळा मका, सोयाबीन आणि डुकरांची लांबच लांब शेडं. दक्षिणेला थोडं गेलं की आयोवा लागतं. २०२० साली मी इथे एका हिशेबनिसाच्या छोट्या ऑफिसात कामाला होते. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. मदतीचे अर्ज आले तेव्हा त्यांचे आकडे जुळवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. माझं माहेर बार्शीकडचं, वडील कोरडवाहू शेतकरी, त्यामुळे फोनच्या पलीकडचा आवाज मला ओळखीचा वाटायचा.

आधी काय झालं ते सांगते. १२ एप्रिल २०२० ला शेजारच्या साउथ डकोटातल्या सू फॉल्स शहराचा, स्मिथफील्ड या मांसकंपनीचा कत्तलखाना बंद होत असल्याचं जाहीर झालं. तो इथून शंभरेक किलोमीटरवर. आठवड्याभरात, २० एप्रिलला, वर्दिंग्टनचा जेबीएस या मांसकंपनीचा कारखानाही बंद झाला. तिथे दिवसाला वीसेक हजार डुकरं जायची. कामगार आजारी पडत होते, कारखाना बंद करणं भागच होतं. पण डुकराचं गणित दुधासारखंच असतं, थांबवता येत नाही. साधारण सहा महिन्यांत जनावर २८० पौंडांचं होतं, ट्रक येतो, शेड रिकामं होतं, धुतलं जातं, नवी पिलं येतात. ट्रक आला नाही तर मागचं सगळं अडतं, कारण पिलं चार महिन्यांपूर्वीच पोटात असतात.

आमच्या रस्त्यापलीकडे एक शेतकरी आहेत, साठीचे. त्यांचं २४०० डुकरांचं शेड. त्या एप्रिलमध्ये त्यांनी शेडचं तापमान मुद्दाम वाढवलं, कारण उकाड्यात जनावर कमी खातं. खुराकातली सोयापेंड जवळजवळ काढून टाकली, मक्यावर ठेवलं, म्हणजे वजन चढणार नाही. एका डुकराला आठेक चौरस फूट जागा असते. ती २८० पौंडांच्या हिशेबाने दिलेली. ३२० पौंडांना ती डुकरं एकमेकांना चिकटून उभी राहायला लागली. काका (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणते) रात्री दोनदा उठून पंखे बघून यायचे. बत्तीस वर्षं डुकरं पाळली, वजन *वाढू नये* म्हणून कधी धडपडलो नव्हतो, असं म्हणाले. पुढे त्यातली बरीच डुकरं कंपनीने नेऊन मारली. विकायला नव्हे, नुसती मारली. काउंटीत एका जागी लाकडाच्या चिपांत घालून ती कुजवत होते. त्या रस्त्याने मी दोन आठवडे गेले नाही.

आता मदत. १७ एप्रिलला अमेरिकेचे तेव्हाचे शेतीमंत्री सनी पर्ड्यू यांनी १९ अब्ज डॉलरचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांच्या खात्यात आणि ३ अब्जांची दूध, भाजी, मांसाची खरेदी करून खोकी गरजूंना. थेट पैशांच्या योजनेला इथे सगळे 'सीफॅप' म्हणतात. अर्ज २६ मेपासून, फार्म सर्व्हिस एजन्सी या शेतीखात्याच्या शाखेच्या काउंटी ऑफिसात. ऑफिसचं दार बंद, सगळं फोनवर आणि ईमेलवर. तिथल्या बायांनी त्या उन्हाळ्यात जे काम उपसलं ते मी ऐकलेलं आहे. एकीच्या मागे तिची पोरं रडत असायची आणि ती शांतपणे विचारायची, "१६ एप्रिल ते १४ मे या काळात तुमच्याकडे एका वेळी जास्तीत जास्त किती डुकरं होती?"

दर असे होते. १५ जानेवारी ते १५ एप्रिलमध्ये विकलेल्या मोठ्या डुकरामागे १८ डॉलर, १२० पौंडांच्या आतल्या पिलामागे २८ डॉलर. १६ एप्रिलनंतर हातात असलेल्या प्रत्येक जनावरामागे १७ डॉलर. म्हणजे कुणी आधी २००० विकली असतील आणि नंतर ३००० शेडात असतील, तर ३६,००० अधिक ५१,०००, एकूण ८७,००० डॉलर. त्यातले आधी ८० टक्के हातात. माणशी कमाल मर्यादा अडीच लाख. भागीदार स्वतः राबत असतील तर कंपनीला साडेसात लाखांपर्यंत. तेव्हा "लाखो डॉलर" हे खोटं नाही.

पण रस्त्यापलीकडच्या काकांना किती मिळाले? शून्य.

कारण डुकरं त्यांची नव्हती. पिलं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, शेणखताचा खड्डा, कर्ज आणि मेहनत काकांची. त्याचे त्यांना जागेमागे वर्षाला चाळीसेक डॉलर मिळतात. नियम असा होता की ज्याच्या अंगावर बाजारभावाची जोखीम, त्यालाच मदत. कागदावर काकांच्या अंगावर भावाची जोखीम नव्हती. पण डुकरं नेऊन मारल्यावर शेड चार महिने रिकामं राहिलं, कारण कंपनीने पिलंच कमी केली होती, आणि त्यांच्या करारात रिकाम्या शेडाचे पैसे नाहीत. बँकेचा हप्ता मात्र चालू. सात-आठ लाख डॉलरचं शेड आहे ते.

मी त्यांना फोनवर हे समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे डुक्कर मोजतात, माणूस नाही."

मला या धाग्यात एवढंच मांडायचं आहे. पैसे किती वाटले यापेक्षा *कुणाला शेतकरी मानून* वाटले, हा प्रश्न मला मोठा वाटतो. तुमच्याकडचे अनुभव वाचायला आवडतील, खासकरून कुक्कुटपालन आणि दूध करणाऱ्यांचे.

---

शेडवाला_निफाड

ताई, तुमचं वाचून हात थरथरले. माझं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, करारावरच. तुमच्या काकांची गोष्ट म्हणजे माझीच गोष्ट, फक्त डुकराच्या जागी कोंबडी.

आमच्याकडे तर लॉकडाऊनच्या आधीच खेळ संपला होता. फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं की चिकनने करोना होतो. महिनाभरात जिवंत पक्ष्याचा भाव खर्चाच्या कितीतरी खाली गेला. लोकांनी खड्डे खणून पक्षी पुरले. माझी बॅच बेचाळीस दिवसांची झाली, लिफ्टिंग नाही, म्हणजे कंपनीने पक्षी उचललेच नाहीत. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न. पक्षी तीन किलोच्या वर गेले, उन्हाने पटापट मरायला लागले. रोज सकाळी घमेलं घेऊन मेलेले गोळा करायचे. आणि करारात मर जास्त झाली, खाद्य जास्त लागलं की ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवायची मजुरी, कापतात. म्हणजे गाडी त्यांनी पाठवायची नाही आणि कात्री माझ्या किलोमागच्या पाच-सहा रुपयांना. त्यानंतर तीन महिने पिल्लू टाकलं नाही.

सरकारी मदत? पक्षी माझे नाहीत म्हणून मला नुकसान नाही. जूनमध्ये केंद्राने पशुसंवर्धनासाठी १५,००० कोटींचा निधी काढला, व्याजात ३ टक्के सवलत. तो प्रक्रिया उद्योगांना आणि पशुखाद्य कारखान्यांना. मी तालुक्याला जाऊन विचारलं. साहेब चांगले होते, चहा पाजला, पण म्हणाले, यात तू कुठे बसत नाहीस.

पीएम-किसानचे दोन हजार आले एप्रिलात. ते वडिलांच्या नावावर. सातबारा त्यांचा आहे.

---

रोकठोक_पुणे

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

हा करदात्यांचा पैसा. २०२० साली अमेरिकेत शेतकऱ्यांना थेट सरकारी मदत ४५ अब्ज डॉलरच्या वर गेली, हा तिथला विक्रम आहे. त्याच वर्षी शेतीचं निव्वळ उत्पन्नही आधीच्या वर्षापेक्षा वाढलं. मग याला आपत्तीतली मदत म्हणायची का? शहरात हॉटेलात भांडी घासणाऱ्याची नोकरी गेली, त्याला काय मिळालं? आणि मका-सोयाबीनवाल्यांना २०१८-१९ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची भरपाई मिळालीच होती. वर्षामागून वर्षं अशी भरपाई मिळत गेली तर शेतकऱ्याने बाजाराकडे बघायचंच का?

---

पाणकणीस

रोकठोक, राग कशाला, बरोबरच प्रश्न आहे. मी तो विक्रमी आकडा नाकारत नाही.

व्यापारयुद्धाची मदत २०१९ मध्ये काउंटीप्रमाणे ठरली होती, एकरी १५ ते १५० डॉलर. त्यामुळे सीफॅप आलं तेव्हा इथल्या मोठ्या शेतकऱ्यांना अर्ज कसा करायचा हे पाठ झालेलं होतं. त्यांचे कागद फाइलला तयार. सप्टेंबरात सीफॅपचा दुसरा टप्पा आला, १४ अब्जांपर्यंतचा. त्यात मक्याला एकरी किमान १५ डॉलर, डुकरामागे २३, गुरामागे ५५. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात मक्याचा भाव चढत गेला. उन्हाळ्यात बुशेलला (साधारण पंचवीस किलोला) सव्वातीन डॉलरच्या आसपास असलेला मका जानेवारीपर्यंत पाचाला भिडला. डिसेंबरच्या कायद्याने त्यावर आणखी एकरी २० डॉलर दिले. माझ्या ओळखीत एकाने त्या वर्षी नवीन कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीचं मोठं यंत्र, घेतलं. त्याने काही चोरी केली नाही, नियमात बसत होतं ते घेतलं. पण मी त्याचे आणि काकांचे कागद एकाच टेबलावर बघत होते, आणि त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नव्हतं.

जमिनीच्या खंडाचंही बोलायला हवं. एकरामागे पैसे आले की पुढच्या वर्षी जमीनमालक खंड वाढवतो. म्हणजे नाव कसणाऱ्याचं आणि काही वर्षांत पैसा मालकाकडे. हे इथले जुने शेतकरी स्वतःच सांगतात.

तेव्हा मदत जास्त झाली की कमी, याला एक उत्तर नाही. एकाच रस्त्यावर एकीकडे जास्त आणि एकीकडे काहीच नाही, असं झालं. सरासरी काढली की दोन्ही दिसेनासं होतं.

---

विस्कॉन्सिनची_सून

आमच्याकडे सासऱ्यांच्या मित्राच्या ६० गाई होत्या. एप्रिल २०२० मध्ये डेअरीचा फोन आला की उद्याचं दूध घेऊ शकत नाही. शाळा बंद, हॉटेलं बंद, चीजचे कारखाने भरलेले. त्यांनी बल्क टँकची तोटी उघडली आणि दूध शेणखताच्या खड्ड्यात सोडलं. मी तिथे उभी होते. पांढरा लोट काळ्यात मिसळताना बघवत नव्हतं. त्यांनी मान वळवली आणि गाईंना वैरण टाकायला निघून गेले.

त्यांना मदत मिळाली. जानेवारी ते मार्चच्या दुधावर शंभर पौंडांमागे ६.२० डॉलर. त्या पैशांनी ते वर्ष निभावलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सरसकट "पैसे वाटले" म्हटलं की वाईट वाटतं.

---

रोकठोक_पुणे

विस्कॉन्सिनची_सून, आकडा दिलात म्हणून हिशेब केला. शंभर पौंड म्हणजे ४५ किलो, साधारण ४४ लिटर. ६.२० डॉलर भागिले ४४, लिटरला १४ सेंट. तेव्हाच्या ७५ च्या दराने साडेदहा रुपये. आणि त्याच उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, महाराष्ट्रात दूध आंदोलन झालं. मागणी होती लिटरला १० रुपये थेट खात्यात. योगायोग बघा.

---

पाणकणीस

रोकठोक, छान हिशेब, पण एक दुरुस्ती. तो ६.२० चा दर पहिल्या तिमाहीच्या दुधावर मोजला असला तरी त्यात दुसऱ्या तिमाहीचं नुकसानही धरलेलं आहे. ४.७१ पहिल्या तिमाहीचे आणि बाकीचे दुसऱ्या तिमाहीचे. त्यामुळे सहा महिन्यांच्या दुधावर पसरलं तर लिटरला पाच-सव्वापाच रुपये पडतात. तरीही थेट खात्यात आले, हा मोठा फरक.

---

घाटावरचा

महाराष्ट्र सरकारनेही काही केलं नाही असं नाही. लॉकडाऊन लागल्यावर रोजचं १० लाख लिटर जादा दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायची योजना होती. पण ती खरेदी दूध संघांमार्फत. ज्याचा गावातला संघ त्यात, त्याला भाव. आमच्या भागात बहुतेकांचं दूध खाजगी डेअरीला. तिथे १७-१८ रुपयांवर आलं होतं. आईने म्हशीचं विकायचं थांबवून तूप कढवायला घेतलं, घरात डबेच्या डबे. गाईच्या दुधाला तोही मार्ग नाही.

म्हणजे पाणकणीस यांचा मुद्दा इथेही लागू. मदत कुठल्या दारातून आत येते त्यावर ती कुणाला मिळणार ते ठरतं.

---

जुना_तलाठी

मी तीस वर्षं तलाठी होतो, आता निवृत्त. या धाग्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे 'शेतकरी कोण' याचं उत्तर सातबारा देतो. पीएम-किसान घ्या. वर्षाला सहा हजार, २०१९ पासून, जमीनधारक कुटुंबाला. मार्च २०२० मध्ये केंद्राने पॅकेज जाहीर केलं तेव्हा एप्रिलचा दोन हजारांचा हप्ता आधी दिला, सुमारे ८.७ कोटी लोकांना. पण तो नवा पैसा नव्हता, जो येणारच होता तो लवकर आला. आणि तोही धारकाला. बटईने किंवा खंडाने कसणाऱ्याला काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, मग कसणाऱ्याचं नाव लावत का नाहीत? त्याचं कारण ७० वर्षं जुनं आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसेल त्याची जमीन झाली. लाखो कुळांचं भलं झालं, माझे आजोबा त्यातलेच. पण तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात जी भीती बसली ती गेली नाही. "कूळ लागेल" हे शब्द मी रोज ऐकले. म्हणून बटई तोंडी. कागद नाही. पीकपाहणीला गेलो की बांधावर कसणारा उभा आणि सातबाऱ्यावर नाव पुण्यातल्या माणसाचं. मी डोळ्यांनी बघायचो कोण राबतंय, आणि लिहायचो दुसरंच, कारण कसणाराच म्हणायचा, "आप्पा, माझं नाव नका घालू, पुढच्या वर्षी रान देणार नाहीत." ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीचे पंचनामे केले तेव्हाही तेच. हेक्टरी दहा हजार, दोन हेक्टरपर्यंत, आणि ते मालकाच्या खात्यात. काही मालकांनी कसणाऱ्याला निम्मे दिले. काहींनी फोन उचलला नाही.

मला एक विचारायचं आहे, अमेरिकेत मका खंडाने करणाऱ्याला मिळालं का?

---

पाणकणीस

आप्पा (म्हटलं तर चालेल ना?), तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

हो, मका-सोयाबीन खंडाने करणाऱ्याला मिळालं. इथे रोख खंड असेल तर पीक सगळं कसणाऱ्याचं, म्हणून पूर्ण मदत त्याला आणि जमीनमालकाला काही नाही. वाट्याने असेल तर ज्याचा जेवढा वाटा तेवढी मदत. निकष जमीन नाही, जोखीम. तुमच्या बांधावरच्या माणसाला इथे मिळाले असते.

पण तोच निकष शेडात गेला की उलटा होतो. काकांची जमीन स्वतःची, शेड स्वतःचं, सगळं नावावर, तरी मदत नाही, कारण आतल्या जनावरावर नाव दुसऱ्याचं. आपल्याकडे जमिनीचा मालक मोजला जातो, इथे मालाचा. राबणारा दोन्हीकडे कागदाबाहेर राहू शकतो. मला हे असं आधी सुचलं नव्हतं, तुमच्यामुळे सुचलं.

---

मुक्ता_सेंटपॉल

मी सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात हमोंग भाजीवाल्यांसोबत बरंच काम केलं आहे. लाओसच्या युद्धानंतर आलेली ही माणसं, दोन-पाच एकर खंडाने घेतात आणि कोथिंबीर, मिरची, भेंडी, वांगी पिकवतात. आपल्याला ओळखीची भाजी मिळते ती त्यांच्यामुळे.

पहिल्या सीफॅपमध्ये ठरावीक पिकांची यादी होती आणि प्रत्येक पिकाचा पौंडामागे दर. पंचवीस भाज्या थोड्या थोड्या लावणारी आजी कुठल्या भाजीचे किती पौंड सांगणार? तिची वही म्हणजे कॉफीच्या डब्यातल्या नोटा. दुसऱ्या टप्प्यात भाजीपाल्यासाठी सोपं केलं. २०१९ ची एकूण विक्री सांगा, पहिल्या पन्नास हजार डॉलरपर्यंत १०.६ टक्के मिळतील. मग आम्ही काही जणींचे अर्ज केले. एका आजींना ११०० डॉलरच्या आसपास मिळाले. त्यांनी मुलीकडून मला विचारलं, हे परत द्यायचे असतात का? तीनदा विचारलं. मग त्यांनी त्यातून हातगाडीसारखं पेरणीयंत्र घेतलं.

काळ्या, लॅटिनो आणि इतर वंचित शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी मार्च २०२१ च्या कायद्यात ४ अब्ज ठेवले होते. गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे केले, जूनमध्ये न्यायालयांनी स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते कलमच रद्द झालं. आजींना कळलंच नाही की असं काही होतं.

---

सई_ठाणे

वाचतेय, फार शिकायला मिळतंय. दोन प्रश्न. कत्तलखान्यातल्या कामगारांना काही मिळालं का? आणि कुणाला किती मिळाले हे तिथे गावाला कळतं का?

---

पाणकणीस

सई, कामगारांचं आधी लिहायला हवं होतं, राहून गेलं. वर्दिंग्टनच्या कारखान्यात दोन हजारांवर माणसं आहेत. ग्वातेमाला, मेक्सिको, इथिओपिया, लाओस, म्यानमारची कारेन मंडळी. कारखाना मेच्या पहिल्या आठवड्यात अर्धवट सुरू झाला. त्याआधी २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता की मांसप्रक्रिया चालू राहिली पाहिजे. माणसं परत लाइनवर उभी राहिली, मध्ये प्लास्टिकचे पडदे. शेतीमदतीत त्यांचा वाटा नव्हता. खूप नंतर शेतमजूर आणि मांसकारखान्यांतल्या कामगारांसाठी एकदाच ६०० डॉलरची योजना आली, संस्थांमार्फत. पैसे हातात पडेपर्यंत करोना सुरू झाल्याला अडीच-तीन वर्षं झाली होती.

नावांचं म्हणशील तर हो, कळतं. शेतीअनुदानाची नोंद सार्वजनिक आहे, काउंटीप्रमाणे यादी कुणीही बघू शकतो. करोनात छोट्या उद्योगांना पगार देता यावेत म्हणून जी सरकारी कर्जं दिली, ती घेणाऱ्यांची नावंही डिसेंबर २०२० मध्ये बाहेर आली, त्यात शेतकरी पुष्कळ. आठवडाभर कॅफेत तोच विषय. मला ते योग्य वाटतं. सार्वजनिक पैसा आहे. पण यादीत एक खोट आहे: ज्यांना मिळाले तेच तिच्यात दिसतात. ज्यांनी अर्जच केला नाही, ज्यांना फोनवरच "तुम्ही बसत नाही" सांगितलं, त्यांची यादी कुठेच नाही.

---

घाटावरचा

पीएम-किसानची गावनिहाय यादीही पोर्टलवर दिसते. आमच्या गावात त्यात वारलेल्या दोघांची नावं होती आणि बांधापलीकडच्या जिवंत विधवेचं नव्हतं. फेरफार झाला नव्हता.

---

शेडवाला_निफाड

पाणकणीस ताई, शेवटी काकांना काही मिळालं की नाही? ते सांगितलंच नाहीत.

---

पाणकणीस

दादा, मिळालं, पण किती उशिरा ते ऐका.

डिसेंबर २०२० च्या कायद्यात करारावर पाळणाऱ्यांचा पहिल्यांदा विचार झाला. जानेवारीत योजना जाहीर झाली, पाच दिवसांत सरकार बदललं, नव्या सरकारने फेरविचारासाठी थांबवली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा आली. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये करारातून जेवढं उत्पन्न घटलं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. मुदत १२ ऑक्टोबर. डुकरं, कोंबड्या, टर्की, अंडी, सगळे करारवाले त्यात. दरम्यान, मारलेल्या डुकरांची भरपाई देणारी वेगळी योजना जुलैतच आली होती, पण ती डुकरांच्या मालकांना.

काकांचे कागद मीच जुळवले. चार महिन्यांचे साधारण बत्तीस हजार बुडाले होते, त्याचे पंचवीस हजारांच्या आसपास आले. तोवर त्यांनी धाकट्या भावाकडून उसने घेऊन बँकेचे हप्ते भरले होते. पैसे आले ते सरळ भावाला गेले. मला डीपफ्रीजमधून काढलेली मक्याची कणसं आणून दिली, दोन पिशव्या.

तुमच्याकडे करारात 'रिकाम्या शेडाचं भाडं' असं कलम घालून घेता येतं का? इथे काही करारांत जागेचे पैसे पिलं असोत-नसोत मिळतात. काकांनी नव्या करारात तेवढं एकच मागून घेतलं, दर दोन डॉलरने कमी झाला तरी.

---

शेडवाला_निफाड

बरं वाटलं ऐकून. उशिरा का होईना, कुणीतरी त्यांचं नाव कागदावर लिहिलं.

कलमाचं तुम्ही बोललात ते डोक्यात राहील. आमच्याकडे करार इंग्रजीत, सात पानांचा, आणि माझ्याकडे त्याची प्रतही नाही. सुपरवायझरकडे असते. उद्या मागतो. आप्पा, तुम्ही बघून द्याल का? फोटो काढून पाठवला तर?

---

जुना_तलाठी

पाठव बाळा. सगळी पानं पाठव, मागचीही. सही कुठल्या तारखेची आहे ते आधी बघ.

---

शेडवाला_निफाड

पाठवतो आप्पा. आता निघतो. रात्री दहाला पिल्लांची गाडी यायची आहे, तूस पसरून झालाय, ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे शेगडे) अजून तापायचेत.